मास्तरांचा दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, जसा सगळ्याच गाड्यांना असतो. दुसरा शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी. शिकवणीच्या गाडीला असा जादा ब्रेक असतोच, त्यात काही नवल नाही. नवल हे, की मास्तर गाडीतून उतरले तरी तो ब्रेक त्यांच्या पायातून उतरत नसे.

बसमध्ये बसले की ड्रायव्हरच्या आधी हे ब्रेक मारायचे. पायाखाली नुसता पत्रा, पण असा दाबायचे, की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायचा, कोण लाथ मारतंय म्हणून. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की पाय दाबला. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश रंगात येऊन नरकाच्या वळणावर भरधाव निघाला की पाय दाबला. एका बुटाचा तळ दुसऱ्याच्या कितीतरी आधी झिजायचा. बूट शिवणारे दादा म्हणायचे, "मास्तर, जोडी कशाला घेता? एकेकटा बूट मिळतो का बघा."

घरातही तीच तऱ्हा. दूध जरा हललं की गॅस बंद. त्या घरात दूध कधी उतू गेलं नाही, हे खरं. पण कधी नीट उकळलंही नाही. लेक सायकल शिकत होती तेव्हा हे कॅरिअर धरून मागे पळायचे. ती शिकून बरेच महिने झाले तरी पळतच होते. शेवटी तिनेच सायकल ठेवून दिली आणि पायी जायला लागली. म्हणाली, "बाबांना त्यात दम कमी लागतो."

पण माणूस सोन्यासारखा. शिकणाऱ्यावर कधी आवाज चढवला नाही. कोणाचं म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं असलं की शिकवणी सोडून हजर. "या गावातल्या निम्म्या लोकांना मी रस्त्यावर आणलंय," असं अभिमानाने सांगायचे, आणि बायको हळूच म्हणायची, "अहो, ते वाक्य जरा बदला."

ही बायको म्हणजे पेटीबाई. चर्चमध्ये पायपेटी वाजवायच्या, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. पायपेटी म्हणजे खाली पायांनी भाता हलवायचा आणि वर हातांनी सूर धरायचे. लग्न असो की अंत्यविधी, पेटीबाई पेटीवर. नवऱ्याचा पाय सदा थांबवायला, बायकोचा सदा चालवायला. त्यामुळे संसार बेताच्या वेगाने बरा चालला होता.

मग एका रविवारी, गीताच्या तिसऱ्या कडव्यात, भाता मंदावला. पेटीने जांभई दिल्यासारखा एक लांब सूर काढला आणि गप्प झाली. मंडळी गातच राहिली, प्रत्येकजण आपापल्या चालीत. पेटीबाई छातीवर हात ठेवून बसल्या होत्या, ओठ जांभळट, आणि दुसऱ्या हाताने खूण करत होत्या, चालू द्या, चालू द्या.

तपासण्या झाल्या, गावातल्या डॉक्टरांनी मान हलवली आणि मोठ्या शहरातल्या इस्पितळात पाठवलं. तिथले हृदयाचे डॉक्टर किडकिडीत, हळू आवाजाचे. म्हणाले, "हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त मागे येतं. ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशनला धोका असतोच, ते लपवत नाही. पण न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे, आणि तो रोज वाढणार."

"मग कधी करायचं?" पेटीबाईंनी असं विचारलं, जसं शिंप्याला विचारावं, कपडे कधी मिळतील.

मास्तरांचा पाय टेबलाखाली कचकन दाबला गेला. तिथे डॉक्टरांचा पाय होता.

"आई गं," हृदयाचे डॉक्टर म्हणाले.

तारीख मिळाली. घरी आल्यावर पेटीबाईंनी बॅग भरायला घेतली. मास्तरांनी डोळे मिटले की एकच चित्र: दोन दरवाजे, त्यांच्यामधून ढकलत नेलेली खाट, आणि दरवाजे बंद. आजवर बायको कुठेही गेली तरी हे मागेपुढे असायचेच. त्या दरवाजांच्या आत मात्र यांना जागा नव्हती. त्यांचा हिशेब साधा होता. टेबलावर गेली तर पुढचं आपल्या हाती नाही. घरात आहे, शेजारच्या खाटेवर आहे, तोवर डोळ्यांसमोर तरी आहे.

तेव्हा मास्तर शिकवणीच्या गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि इस्पितळात फोन लावला. "पेशंटला सर्दी झालीय. जरा पुढची तारीख द्या."

आणि घरात येऊन बायकोला सांगितलं, "इस्पितळाचा फोन होता. त्यांनीच पुढे ढकललंय. डॉक्टर परगावी गेलेत."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा गरजेपेक्षा जास्त सांगतो. मास्तरांनी डॉक्टर कोणत्या गाडीने गेले, तिकडे थंडी किती आहे आणि त्यांनी स्वेटर नेलाय की नाही, हेही सांगितलं. पेटीबाई "हो का?" म्हणाल्या आणि बॅगेतला टॉवेल काढून दोरीवर टाकला.

दुसरी तारीख आली. मास्तर पुन्हा गाडीत, काचा वर. या वेळी घरी पाहुणे आले होते. तिसरी तारीख आली. या वेळी पाहुण्यांनाच सर्दी झाली.

इकडे पेटीबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागल्या. कोणी पाहिलं तर तिथल्या कुंडीतली वाळकी पानं खुडत असल्याचं दाखवायच्या. लवकरच त्या झाडाला खुडण्यासारखं पान उरलं नाही.

मास्तर प्रार्थना करत नव्हते असं नाही हं! उलट एवढी केली नव्हती आयुष्यात. पण काय ती प्रार्थना! सकाळी खिडकीपाशी उभे राहून मोठ्याने चालायची, भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं.

"प्रभू, तिला बरं कर. पण ऑपरेशन नको. औषधानेच कर. पांढऱ्या गोळीने कर, पिवळीने तिला मळमळतं. आणि एकदम नको हं, हळूहळू, तिला झेपेल तसं. आधी धाप कमी कर, मग पायाची सूज. उलट नको."

गल्लीत ही बातमी पोहोचायला कितीसा वेळ! मास्तर आता देवालाही शिकवणीला बसवतात, असं लोक म्हणायला लागले. पेटीबाई चादरीत तोंड खुपसून हसायच्या आणि हसता हसता धाप लागली की गप्प व्हायच्या.

आता या गोष्टीत पाळकसाहेब आले पाहिजेत, कारण तेही त्या वेळी मास्तरांकडे गाडी शिकत होते. देहाने भरभक्कम. आजवर मंडळीची घरं सायकलवर फिरले, पण अलीकडे सायकलच कुरकुरायला लागली होती. तर हे पाळकसाहेब लायसनच्या परीक्षेत नापास झाले. आधी नापास झालेच होते, पुन्हा झाले. आणि ते एकटेच नाही. मास्तरांचे सगळेच विद्यार्थी हल्ली धडाधड नापास होत होते. एवढ्या वर्षांत असं घडलं नव्हतं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब गाडीत बसले, पट्टा लावला, पण किल्ली फिरवली नाही.

"मास्तर, परीक्षक काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'साहेब, चौकात लाल दिवा लागला की गाडी थांबवायची असते.' मी म्हटलं, 'थांबते की आपोआप!'"

"आपोआप?"

"मग काय! तुमच्या गाडीत थांबते. मी ब्रेककडे पाय नेईपर्यंत गाडी थांबलेलीच असते. मला वाटलं, आपल्याला जमायला लागलं. काल त्याच्या गाडीत बसलो आणि लाल दिव्यातून सरळ पलीकडे! परीक्षकाने डोळे मिटले. मीही मिटले."

"तुम्ही कशाला मिटले?"

"मला वाटलं तो प्रार्थना करतोय."

मास्तरांना हसू आलं, पण अर्ध्यावरच विरलं. "म्हणजे तुम्हाला ब्रेक लावताच येत नाही?"

"कुठून येणार? लावू दिलात कधी?"

मास्तर गाडी पुसायचं फडकं हातात घेऊन उगाच पिळत बसले.

पाळकसाहेबांनी गाडी काढली, ती गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली. मैदान चांगलं लांबरुंद, टोकाला एक जुनी भिंत. मधोमध गाडी उभी केली आणि म्हणाले, "मास्तर, पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. सीटवर. घरी जेवायला बसता तशी."

"काहीतरीच काय! मी गुरू की तुम्ही?"

"रविवारी मी, बाकी दिवस तुम्ही. पण आज ऐका माझं. नाहीतर मी जन्मभर सायकलच चालवणार आणि एक दिवस ती सायकल मला चालवणार."

मास्तरांनी कुरकुरत बूट काढले आणि मांडी घातली. गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा गिअर. भिंत मोठी व्हायला लागली.

"पाळकसाहेब, भिंत."

"दिसतेय."

"अहो, भिंत!"

"दिसतेय म्हटलं ना."

"ब्रेक! ब्रेक!"

मास्तरांनी दोन्ही हातांनी आपलेच गुडघे घट्ट धरले. आणि गाडी थांबली. जोरात, कर्कश, पट्ट्याने छाती आवळत, पण थांबली. भिंतीवरच्या मुंग्या दिसत होत्या, एवढं अंतर राहिलं होतं.

"लावला!" पाळकसाहेब म्हणाले. "मास्तर, मी लावला!"

पाळकसाहेबांनी शेजारी बघितलं, तर मांडी घातलेले मास्तर फडक्यात तोंड लपवून रडत होते. लहान पोरासारखे, खांदे हलवत.

"एवढा का वाईट लावला?"

"तुमचं नाही हो," मास्तर फडक्यातून म्हणाले. आणि मग एकदम सगळं बाहेर आलं. इस्पितळाचे फोन, सर्दी, पाहुणे, डॉक्टरांचा स्वेटर. "ती बॅग भरते, मी रिकामी करायला लावतो. तीनदा झालं. ती दिवसेंदिवस खंगतेय, मला दिसतंय. पण पाठवायला धीर होत नाही. आत नेली आणि परत आलीच नाही तर?"

पाळकसाहेबांनी गाडी बंद केली.

"तुम्ही म्हणा ना काहीतरी," मास्तर म्हणाले. "म्हणा की ती वाचेल."

"ते नाही म्हणता येणार. मला तेवढी परवानगी नाही, मास्तर. ती वाचेल की नाही, मला माहीत नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

"तसा फार नाही," पाळकसाहेब म्हणाले. चिडले नाहीत. "पण एक माहीत आहे. ती कोणाच्या हातात जाणार, तो हात माहीत आहे. प्रभूचा, क्रुसाच्या खिळ्याचा व्रण असलेला हात आहे तो. दुखणं काय असतं, मरण काय असतं, हे त्याला दुसऱ्याकडून ऐकून कळलेलं नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, बागेत, त्याचाही जीव घाबराघुबरा झालाच होता की. स्वर्गातल्या बापाला म्हणाला, हे टळेल तर टाळ. मागितलं त्याने. मागायला काहीच हरकत नाही, पांढरी गोळी मागा, पिवळी नको म्हणा."

"तुम्हालाही कळलं ते?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण मास्तर, तो तेवढ्यावर थांबला नाही. पुढे म्हणाला, माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. तुम्ही पहिला अर्धाच भाग पाठ केलाय."

मास्तरांनी नाक पुसलं. मग खाली वाकून बूट शोधायला लागले.

"कुठे निघालात?"

"घरी. तिला सांगतो."

"चला, मी सोडतो," पाळकसाहेब उत्साहाने म्हणाले आणि किल्ली फिरवली.

"नको!" मास्तर ओरडले. "देवावर भरवसा ठेवायचाय, हे कबूल. तुमच्या रिव्हर्सवर नाही!"

घरी पेटीबाई टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या. मास्तर समोरच्या खुर्चीवर बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले.

"ते तारखेचे फोन... इस्पितळाने नव्हते केले. मी केले होते."

"माहीत आहे," पेटीबाई म्हणाल्या. सालाची लांब पट्टी न तुटता खाली उतरत होती.

"माहीत आहे?"

"पहिल्याच वेळी त्यांच्या नर्सने उलटा फोन करून विचारलं, सर्दी कशी आहे म्हणून. मी म्हटलं, कोणाची? शिवाय अहो, जो माणूस आपला मफलर रोज विसरतो, तो डॉक्टरांच्या स्वेटरची चौकशी कशाला करील?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. पण माझ्या छातीला फार वाट बघवत नाही हो आता. म्हणून चौथी तारीख मीच घेतलीय. बुधवारी निघायचंय. लेक नेणार आहे तिच्या गाडीतून. तुमच्यासाठी मागची सीट ठेवलीय, आलात तर."

"आणि नसतो आलो तर?"

"तर तिथे उशी ठेवणार होते."

मास्तरांनी मान खाली घातली. सुरी थांबली होती. पेटीबाईंचा आवाज नेहमीसारखाच, पण त्यात आता थट्टा नव्हती. "राग आला होता मला. अजून आहे थोडा. तुम्ही घाबरलात, ते समजतं. पण घाबरून माझ्या नावाने खोटं बोललात, आणि मी मधल्या पायरीवर बसून झाडाची पानं तोडत होते. पुन्हा असं केलंत ना, तर पेटीचं झाकण तुमच्या बोटांवर आपटीन."

"आपट," मास्तर म्हणाले.

मग काही वेळाने त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की. संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळी, फार वाटते. तेव्हा मी प्रभूला सांगते, बघ, आली पुन्हा ही. तो तिला दर वेळी हाकलून देतो असं नाही. पण येऊन बसतो जवळ. मग आम्ही तिघं बसतो. मी, ती आणि तो."

"आणि मी कुठे असतो?"

"तुम्ही गाडीत. काचा वर करून."

हे ऐकून मास्तर हसले की रडले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पेटीबाईंनी सोललेला बटाटा त्यांच्या हातात ठेवला, चिरायला. "मला जगायचंय हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चाललेय. मरायला नाही चालले. पण तेच यायचं असलं, तरी मी काही परक्याच्या घरी जाणार नाही. एवढं धरून ठेवलंय मी. तुम्हीही धरा, जमेल तसं."

बुधवारी सकाळी उजाडल्यावर ते निघाले. लेकीच्या जुन्या छोट्या गाडीत मास्तर आजवर बसले नव्हते, काही ना काही सबब सांगून टाळलं होतं. पेटीबाई पुढे, कारण मागे त्यांना गुदमरायचं. मास्तर मागे, मांडीवर बॅग, नाकाशी गुडघे.

"पुढे ट्रक आहे गं."

"बाबा, तो आपल्याच दिशेने चाललाय. आपण त्याच्या मागे आहोत."

"हो, पण ट्रक आहे."

"अहो," पेटीबाई न वळता म्हणाल्या, "तिला चालवू द्या, मला बसू द्या आणि तुम्ही बॅगेशी बोला."

थोड्या वेळाने त्यांची मान कलली. झोपल्या होत्या. रस्ता उखडलेला, बाजूने भरधाव गाड्या, पुढे धूर सोडणारा ट्रक, आणि ज्या बाईची छाती उद्या उघडायची होती ती तोंड अर्धवट उघडं टाकून चक्क घोरत होती. मास्तर तिच्या पाठीमागून बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे स्वतः कुठल्याही वाहनात डुलकी म्हणून घेऊ शकले नव्हते. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की लेक गाडी छान चालवते. वळणाआधी वेग कमी, ब्रेक असा हलका की आईची मानही हलत नव्हती.

"चांगली चालवतेस," ते म्हणाले. "माझी शिकवण."

"तुमची कुठली बाबा! तुम्ही कामावर गेलात की शिकायचे."

मास्तरांनी यावर वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन दरवाजे आले. अगदी डोळ्यांपुढे यायचे तसेच, फक्त रंग निराळा. पेटीबाईंनी चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला. "सांभाळा. याच्यावर बसू नका."

"नाही बसत."

"आणि त्या नर्सला शिकवायला जाऊ नका."

खाट आत गेली. दरवाजे मिटले. मास्तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चष्मा दोन्ही हातांत धरून, आणि सवयीने सुरू केलं, "प्रभू, डॉक्टरांचा हात स्थिर ठेव, आधी ते..." आणि थांबले. आधी काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. झडप कशी दिसते, हेही ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, "ती तुझी आहे. माझ्याआधीपासून तुझी आहे. मला ती परत हवीय, हे तुला माहीतच आहे. पण तुझ्या मनासारखं होऊ दे." शेवटचं वाक्य अडखळत निघालं, पण निघालं. लेक शेजारी बसून ऐकत होती. तिने आजवर बापाची इतकी लहान प्रार्थना ऐकली नव्हती.

दुपार व्हायला आली तेव्हा दरवाजा उघडून किडकिडीत डॉक्टर बाहेर आले. अंगावर हिरवे कपडे, तोंडावरची पट्टी गळ्यात. ते मास्तरांपासून जरा लांबच उभे राहिले. पायाची आठवण असावी.

"झडप दुरुस्त करायचा बेत होता," ते म्हणाले. "उघडून बघितल्यावर ती फारच झिजलेली दिसतेय. दोन वाटा आहेत. जमेल तेवढं शिवून बंद करायचं. त्याने थोडे दिवस बरं वाटेल, पण टिकणार नाही. किंवा आत्ताच झडप बदलायची. त्याला वेळ जास्त, धोकाही थोडा जास्त. पण जमलं तर पक्कं काम. माझं मत बदलावी असं आहे. पण तुमचं म्हणणं आत्ता हवंय. मला लगेच परत जायचंय."

लेक घाबरली. ऑपरेशनचं ऐकून नाही, बापाकडे बघून. आता बाबा म्हणतील, जरा थांबा, विचार करतो. म्हणतील, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. म्हणतील, उद्या केलं तर? तिने तोंड उघडलंच होतं.

"बदला," मास्तर म्हणाले.

"नक्की?"

"तुम्हाला योग्य वाटतं ना? मग बदला. जा तुम्ही, इथे उभे राहू नका."

डॉक्टर गेले. मास्तर खाली बसले. लेकीने पाणी दिलं, ते प्यायले. मग तिने घरून आणलेला ब्रेड आणि उकडलेली अंडी काढली, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, आणि मास्तरांनी हात पुढे केला.

तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांच्या मागून आणखी निम्म्या मंडळीची कुजबुज ऐकू येत होती. सगळेजण चर्चच्या पुढच्या बाकांवर जमले होते. प्रार्थनेला आणि, खरं सांगायचं तर, बातमीलाही.

"काय कळलं, मास्तर?"

"काही नाही. अजून आत आहे. झडप बदलतायत."

"आणि तुम्ही? घाबरलात?"

"घाबरलोय."

"मग काय करताय?"

"अंडं खातोय," मास्तर म्हणाले.

पलीकडे पाळकसाहेबांनी मागे वळून मंडळीला सांगितल्याचं ऐकू आलं, "खातायत!" आणि कोणीतरी मोठ्याने "आमेन" म्हटलं.

उन्हं खिडकीतून खाली सरकली. दोनदा दरवाजा उघडला, दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणासाठी. मास्तरांच्या मनात ती भीती यायची, शेजारी बसायची. त्यांनी तिला हाकललं नाही. जवळ आणखीही कोणी बसलंय, असं त्यांना वाटत होतं; दिसत नव्हतं, पण खुर्ची रिकामी नव्हती. पेटीबाईंचं बोलणं तेव्हा त्यांना प्रथम कळलं.

शेवटी नर्स आली. हसरी होती. "नवी झडप बसली. हृदय आपलं आपण चालतंय. अजून बेशुद्ध आहेत. आजचा दिवस आणि उद्याचा जपावा लागेल. काचेतून बघा हवं तर, आत नाही जायचं."

बापलेक काचेशी उभे राहिले. आत नळ्यांच्या जाळ्यात पेटीबाई, चष्म्याशिवाय वेगळ्याच दिसणाऱ्या, आणि डोक्याजवळच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वरखाली उड्या मारत पुढे चाललेली. लेकीने बापाचा दंड धरला. एवढा वेळ आवरलेलं रडू आता तिला आलं.

"बाबा, आता पुढे काय?" तिने विचारलं. "शुद्धीवर कधी येईल? घरी कधी सोडतील? पुन्हा पहिल्यासारखी होईल ना?"

लहानपणापासून तिने कुठलाही प्रश्न विचारला की बाबांकडे उत्तर तयार असायचं, शिवाय आधी काय, मग काय, कुठे सावकाश, कुठे मुळीच नाही, हेही. तिने तेच ऐकायची तयारी ठेवली होती.

"मला काय माहीत!" मास्तर म्हणाले. आणि ते इतकं मोकळेपणाने म्हणाले, की आतल्या नर्सनेही काचेतून वर बघितलं.